कोनाड्यातला सांगाडा

जुन्या वाड्यात राहणाऱ्या बिऱ्हाडकरूच्या मालकीचे असे फारसे काही नसते. जिना समाईक, नळ समाईक, अंगणातील पारिजातकाचा सडा समाईक, आणि हा वाडा पाडून येथे इमारत केव्हा उभी राहणार हा चर्चेचा विषयही समाईकच. परंतु माजघराच्या दोन हात जाडीच्या भिंतीत वाडा बांधणाऱ्याने जे कोनाडे ठेवून दिलेले असतात त्यांच्यावर मात्र ज्याच्या त्याच्या बिऱ्हाडाची निर्वेध आणि वंशपरंपरागत वहिवाट चालते. आमच्या माजघरात उत्तरेकडच्या भिंतीत असा एक कोनाडा आहे. आजोबांच्या हयातीत त्यात कंदील असे, आणि त्या कंदिलाच्या काजळीने कोनाड्याच्या माथ्याला जो रंग चढला तो पुढे चार वेळा चुना देऊनही पुरता उतरला नाही. वडिलांच्या अमदानीत तेथे व्हॉल्व्हचा रेडिओ आला. रेडिओ गेल्यावर काळा टेलिफोन आला आणि टेलिफोनाखाली क्रोशाचा रुमाल आला. पुढे टेलिफोन ज्याच्या त्याच्या खिशात गेला, रुमाल ट्रंकेत गेला, आणि कोनाडा मोकळा झाला. मोकळा कोनाडा म्हणजे विजेची बिले, संपलेल्या औषधांच्या बाटल्या आणि ज्यांची कुलुपे केव्हाच निवर्तली आहेत अशा किल्ल्या यांची धर्मशाळा. सेवानिवृत्तीनंतर घरात संगणक आणावा अशी जी बुद्धी मला झाली तिच्यात ज्ञानलालसा किती होती आणि ही धर्मशाळा उठविण्याची इच्छा किती होती, याचा ताळेबंद मी अद्याप मांडलेला नाही.

माझी चौतीस वर्षांची नोकरी भूमी अभिलेख खात्यात झाली. भूकरमापक म्हणून लागलो आणि निमतानदार म्हणून बाहेर पडलो. एकराचे ४० गुंठे आणि गुंठ्याचे १६ आणे पाडून त्यातील प्रत्येक आण्याला मालक शोधून देणे हा आमचा व्यवसाय. ज्या मनुष्याने दोन सख्ख्या भावांमधला बांध, ते दोघेही भाऊ कुऱ्हाडी खांद्यावर टाकून शेजारी उभे असताना, शांत चित्ताने मोजून त्याच्या हद्दीच्या खुणा कायम करून दिल्या आहेत, त्या मनुष्याला एका वीतभर पेटीची लांबी, रुंदी आणि उंची घेता येऊ नये असे कोणी म्हणाले असते तर मी त्याची लेखी तक्रार मागितली असती. हा उल्लेख मी आत्मस्तुतीसाठी करीत नाही. पुढे जे घडले त्याच्या पंचनाम्यात तो आवश्यक आहे.

भाचा हिंजवडीला नोकरी करतो. त्याने स्वतःसाठी नवा संगणक जुळविला तेव्हा जुन्याचे अवयव शिल्लक राहिले, आणि आपल्याकडे मामाने भाच्याला द्यावयाचे असते, घ्यावयाचे नसते, हे ठाऊक असल्यामुळे ते आणून देताना तो बराच संकोचला होता.

"मामा, आत सगळं आहे. फक्त पेटी नाही."

हे वाक्य मला फारच आश्वासक वाटले. सर्व काही असून फक्त पेटी नसणे ही अडचण आमच्या पिढीने बोहरी आळीपर्यंत चालत जाऊन अनेक वेळा सोडविलेली आहे. परंतु भाच्याने सांगितले की बाजारात तयार पेट्या पुष्कळ असल्या तरी आमच्या कोनाड्यात जाईल अशी त्यांत एकही नाही. कोणी रुंदीला पुढे येते, कोणी खोलीला. तेव्हा सांगाडा करून घ्यावा हेच उत्तम. तळहाताएवढे तयार संगणकही अलीकडे मिळतात आणि कोनाड्यात तसले सहा मावले असते, ही माहिती मला मागाहून, म्हणजे सर्व खर्च पार पडल्यावर, देण्यात आली.

करून घेण्याच्या पक्षाला त्याने एक नजीरही दाखविली. १९७६ साली ॲपल कंपनीने आपला पहिला संगणक विकावयास काढला तेव्हा त्याला पेटीच नव्हती. गिऱ्हाइकाच्या हाती नुसती मंडलांची पाटी पडत असे, आणि ती घरी नेऊन कोणी लाकडाच्या खोक्यात बसवी, कोणी तशीच उघडी वापरी. ज्या धंद्याचा आरंभच गिऱ्हाइकाला सुताराकडे पाठवून झाला त्यात मी लोहाराकडे जाण्यात काही कमीपणा नव्हता.

या छोट्या संगणकांच्या शौकिनांची एक स्वतंत्र जात आहे आणि तिच्यात पेटीचे आकारमान लिटरमध्ये सांगण्याचा परिपाठ आहे. "मी पूर्वी वीस लिटरवर होतो, आता दहाच्या आत आलो," असे भाचा आपल्या मित्राला टेलिफोनवर सांगत होता तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी हातातली पळी तशीच धरून माझ्याकडे पाहिले. भाचा दारूविषयी बोलत नसून पेटीविषयी बोलत आहे हे पटविण्यास मला अर्धा तास लागला. आमच्या नियोजित सांगाड्याचे माप दहा इंच रुंद, दहा इंच उंच आणि सात इंच खोल, म्हणजे सुमारे साडेअकरा लिटर. "म्हणजे आपली कळशी," असे म्हणून सौभाग्यवतींनी तो विषय निकालात काढला.

लोखंडी सांगाड्यात संगणक ठेवण्याची कल्पना आमच्या प्रांताला नवी नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली जो संगणक चालू झाला, आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी ज्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले, तो पोलादी सांगाड्यातच उभा होता. मात्र तो सांगाडा १८ फूट लांब, ८ फूट उंच आणि अडीच फूट रुंद होता व त्यात २,७०० निर्वात नळ्या तापत होत्या. भाच्याच्या परिभाषेत बोलावयाचे तर तो संगणक दहा हजार लिटरांचा, म्हणजे उन्हाळ्यात आमच्या गल्लीत पाण्याचा जो टँकर येतो बरोबर तेवढा. टँकरातून कळशीपर्यंत आलेल्या या प्रगतीत कळशी घडविण्याचे काम आपल्याकडे यावे, ही गोष्ट मला काहीशी ऐतिहासिक वाटली, आणि मी टिपण काढावयास बसलो.

टिपण सुरेख झाले. त्यात मी चतुःसीमाही नमूद केल्या: पूर्वेस, पश्चिमेस व उत्तरेस वाड्याची भिंत, दक्षिणेस माजघर, जाण्यायेण्याच्या वहिवाटीसह. संगणकाला तारा जोडावयाची सर्व छिद्रे त्याच्या पाठीला असतात आणि कोनाड्याच्या पाठीमागे शेजाऱ्यांचे स्वयंपाकघर असल्यामुळे तारा तिकडून काढणे सामोपचाराचे नव्हते. म्हणून संगणकाने माजघराकडे पाठ करून बसावयाचे ठरले. रुसलेला जावई जसा भिंतीकडे तोंड करून बसतो आणि घरच्यांना त्याच्या पाठीशीच बोलावे लागते, तसा आमचा संगणक आजही बसलेला आहे.

आता आतल्या ऐवजाविषयी. मुख्य पाटी, जिला मदरबोर्ड म्हणतात, ती १७० मिलिमीटर लांब आणि तितकीच रुंद. तैवानातल्या व्हीआयए नावाच्या कंपनीने २००१ साली हे माप 'मिनी आयटीएक्स' या नावाने ठरवून दिले, आणि तेव्हापासून कोणत्याही कारखानदाराने या जातीची पाटी काढली तरी ती त्या चौरसाच्या बाहेर पाऊल टाकीत नाही. हे ऐकून माझे मन भरून आले. एकदा कायम झालेली हद्द इतकी वर्षे कोणीच ओलांडीत नाही, हे दृश्य मला माझ्या सबंध सेवेत पाहावयास मिळाले नव्हते. पाटीखेरीज लहानशा विटेसारखा एक वीजपुरवठ्याचा डबा होता, १२५ मिलिमीटर लांब, १०० रुंद आणि साडेत्रेसष्ट उंच. तो वरच्या मजल्यावर मध्यभागी राहणार होता. मधल्या मजल्यावर पुढेमागे एखादे ग्राफिक्स कार्ड येईल म्हणून भाच्याने जागा राखून ठेवावयास लावली होती. त्या भावी भाडेकरूमुळेच सांगाड्याची उंची दहा इंचांवर गेली. तो भाडेकरू आजतागायत आलेला नाही.

आमच्या वाड्यापासून दोन चौकांवर एका बोळाच्या तोंडाशी फॅब्रिकेशनचे एक दुकान आहे. 'येथे गेट, ग्रील, जिने, शेड व चॅनेल गेट ऑर्डरप्रमाणे बनवून मिळतील' अशी तेथे पाटी आहे. तिच्यातील 'ऑर्डरप्रमाणे' हा शब्द गंजाने अर्धाअधिक खाल्लेला आहे, आणि त्यात गंजाचा फारसा दोष होता असे मला आता वाटत नाही. मिस्त्रींनी हातातली वेल्डिंगची काच खाली ठेवली, माझे टिपण उन्हात धरले आणि विचारले,

"काका, हे कशाचं गेट?"

"गेट नाही. संगणकाचा सांगाडा आहे."

"उंची दहा फूट?"

"दहा इंच."

हत्तीसाठी अंबाऱ्या करणाऱ्या कारागिराने, मुंगीसाठी खोगीर मागावयास आलेल्या गिऱ्हाइकाकडे ज्या कुतूहलाने पाहावे त्या कुतूहलाने त्यांनी माझ्याकडे पाहिले. परंतु त्यांनी नाही म्हटले नाही. भाच्याची इच्छा ॲल्युमिनियमची होती. ती मिस्त्रींनी दोन वाक्यांत फेटाळली. "त्याला आर्गन लागतो, काका. आपल्या मशीनवर ते पाणी होऊन खाली बसतं." मग एका कोपऱ्यातून, कोणाच्या तरी गेटातून उरलेला पाऊण इंची अँगल बाहेर आला. त्याची जाडी एक सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. महाराष्ट्रातील सुतार, गवंडी आणि लोहार यांच्या राज्यात मेट्रिक पद्धतीचा कायदा होऊन इतकी वर्षे लोटली तरी सुताचा अंमल अबाधित आहे. पाटी ज्याच्यावर बसावयाची तो पत्रा अठरा गेजचा घ्यावा की सोळाचा यावरही चर्चा झाली. गेजचा आकडा जसजसा चढतो तसतसा पत्रा पातळ होत जातो. हुद्द्याचे नाव जितके लांब तितका अधिकार कमी, हे सूत्र ज्याने नोकरीत अनुभवले आहे त्याला ही व्यवस्था समजावयास कठीण जात नाही.

माझ्या टिपणातील मापे मात्र मिस्त्रींना मान्य होईनात. पाटीच्या ज्या कडेला तारा जोडावयाच्या त्या कडेसमोर एक आयताकृती खिडकी कापावी लागते, तिचे माप १५८.७५ बाय ४४.४५ मिलिमीटर असे मी भाच्याकडून उतरवून घेतले होते.

"दशांश पंचाहत्तर?" मिस्त्री म्हणाले. "काका, माझ्या कटरच्या पात्याची जाडीच त्याच्यापेक्षा जास्त आहे. पातं कापेल का हे मोजेल?"

मी टिपणाच्या समासात भागाकार करून पाहिला, आणि जे निघाले त्याने आम्ही दोघेही चकित झालो. १५८.७५ मिलिमीटर म्हणजे बरोबर सव्वासहा इंच होते, ४४.४५ म्हणजे नेमके पावणेदोन. पाटी पत्र्याला टेकू नये म्हणून तिच्याखाली जे पितळी ठोकळे देतात त्यांची उंची साधारण ६.३५ मिलिमीटर असते असे भाच्याने लिहून दिले होते; ते निघाले दोन सूत! अमेरिकेत इंचांमध्ये जन्माला आलेली ही मापे जगभर फिरताना मिलिमीटरांचा अंगरखा घालून फिरत होती, आणि त्या अंगरख्याच्या आत आमच्या बोळातलेच सूत होते. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर परदेशात आपला गाववाला भेटल्याचा आनंद पसरला. "मग सरळ सव्वासहा म्हणा की, काका! उगीच घाबरवलंत." खिडकी त्यांनी अर्ध्या तासात कापली, कानस मारून कडा साफ केल्या, आणि पाटीची पत्र्याची चौकट तिच्यात टचकन् बसली. त्या 'टच' आवाजाने मी जरा गाफील झालो.

कारण पाटीला चार कोपऱ्यांजवळ चार छिद्रे असतात, आणि ती चार छिद्रे चौकोनात नसतात. तीन छिद्रे काटकोनात, शिस्तीने उभी आहेत. चौथे मात्र, तारांच्या कडेचे एक, आपल्या कोपऱ्यावरून २२.८६ मिलिमीटर आत सरकलेले आहे. मी टिपणात ते जसेच्या तसे दाखविले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानावर गेलो तो पत्र्याला चारही भोके पाडून तयार, आणि ती अशी रेखीव चौकोनात की गुण्या लावून पाहावे आणि दृष्ट काढावी.

"तुमचा चौथा ठिपका सरकला होता, काका," मिस्त्री नम्रपणे म्हणाले. "मी गुण्यात घेतला."

"तो सरकलेलाच आहे, मिस्त्री. मूळ पाटीवरच सरकलेला आहे."

"मग पाटी करणाऱ्याकडे गुण्या नसेल."

चौतीस वर्षे शेतकरी मला सांगत आले की साहेब, बांध सरकला आहे, आणि चौतीस वर्षे मी त्यांना सांगत आलो की बांध आपोआप सरकत नसतो. आता मीच एका पत्र्याच्या तुकड्यापुढे उभा राहून, ही खूण सरकलेली असणे हेच कायदेशीर आहे, असा युक्तिवाद करीत होतो. भाच्याला टेलिफोन करून खुलासा मागविला. त्याची कैफियत अशी की ही पाटी एका थोरल्या पाटीची धाकटी बहीण. थोरलीचे माप इंटेल कंपनीने १९९५ साली ठरविले आणि तिच्या पुष्कळ छिद्रांत काही अशी पुढेमागे होती. थोरलीच्या पेटीत धाकटीही बसावी म्हणून तिला थोरलीचीच चार छिद्रे दिली, आणि त्यांत हे तिरपे छिद्र वाट्याला आले. थोरल्याच्या सदऱ्याच्या काजांप्रमाणे धाकट्याने आपल्या अंगाची बटणे लावून घ्यावीत, त्यातला हा प्रकार. मिस्त्रींना हे कारण एका क्षणात पटले. त्यांनाही दोन थोरले भाऊ आहेत. त्यांनी नवा पत्रा घेतला, माझे टिपण बाजूला सारले, खुद्द पाटीच एका वर्तमानपत्रावर उताणी ठेवून चारही छिद्रांतून पेन्सिलीचे टोक फिरविले, तो कागद पत्र्यावर खळीने चिकटविला आणि पंचावर हातोडीचा एकेकच ठोका मारून चार ठिपके उठविले. एका ठिपक्याखाली कोणा मंत्र्यांचे छायाचित्र होते. त्यांच्या कपाळातून ड्रिल पार गेले. भोके अचूक आली.

जोडणीच्या दिवशी मी खुर्ची टाकून बसलो. लोखंड तापले की फुलते आणि निवले की आक्रसते, एवढे पदार्थविज्ञान मला येत होते. परंतु ते आक्रसताना आपल्याबरोबर शेजारच्या अँगललाही ओढून नेते हे मी प्रत्यक्ष प्रथमच पाहिले. म्हणून जाणता वेल्डर एक कोपरा सबंध भरून टाकीत नाही. तो आधी चारही कोपऱ्यांना एकेक टाका मारतो, समोरासमोरचे कर्ण मोजतो, हातोडीने समजूत घालतो, पुन्हा मोजतो, आणि मगच शिवण भरतो. आमचे कर्ण तीन वेळा जुळले आणि तीन वेळा बिघडले. महाभारतातल्या कर्णाचे चाक ऐन वेळी जसे रुतले, तसा आमचाही एक कर्ण दर वेळी शेवटच्या टाक्याला अर्धे सूत रुतून बसे. चौथ्या खेपेस मिस्त्रींनी सांगाडा उचलून फरशीवर एका कोपऱ्यावर असा आपटला की तो एकदम सरळ झाला. कर्ण मोजले. दोन्ही समान. या क्रियेला शास्त्रात काय म्हणतात हे मी विचारले नाही.

स्क्रूंचे प्रकरण मी थोडक्यात आटोपतो, कारण त्यात माझी वर्तणूक स्पृहणीय नव्हती. भाच्याने दिलेले स्क्रू अमेरिकन मापाचे, इंचाला ३२ आटे असलेले; दुकानात आटे पाडावयाचे टॅप मिलिमीटरचे. दोन्ही जातींचे स्क्रू डोळ्यांना सारखेच दिसतात, एक दुसऱ्याच्या घरात अर्धा वेढा खुशाल जातो, आणि मग दोघेही जन्मभरासाठी एकमेकांत अडकतात. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रज्ञाने सर्वांसाठी एकच आटे असावेत म्हणून १८४१ साली आपले प्रमाण मांडले. त्यानंतर सर्वांसाठी एकच असावीत अशी आणखी कितीतरी प्रमाणे निघाली. मी पकड लावून एक स्क्रू बळजबरीने फिरविला, तो अडकला, आणखी बळ लावले, तो तुटला. अखेर तपकीर गल्लीत जाऊन तीन मिलिमीटरचे पितळी ठोकळे, त्यांचे स्क्रू आणि त्यांच्या चाक्या, सगळे एकाच दुकानातून, एकाच पुडीत बांधून आणले आणि अमेरिकेशी असलेला संबंध तोडला.

जाळीच्या बाबतीत मिस्त्रींनी आपल्या प्रतिभेला मुभा मागितली. आतली उष्णता बाहेर जाण्यासाठी समोरच्या अंगास १२० मिलिमीटरचा पंखा आणि त्याच्यापुढे जाळी लागणार होती. "साधी कशाला, नक्षी करू," असे म्हणून त्यांनी भिंतीवरचे नमुने दाखविले: उगवता सूर्य, दोन मोर, कमळ, आणि मधोमध ॐ असलेले एक. संगणकाला ॐ लावावा की नाही याविषयी धर्मशास्त्रात निर्णय सापडण्याचा संभव नव्हता, आणि मोरांच्या चोची पंख्याच्या पात्यांत येत होत्या, म्हणून उगवत्या सूर्यावर तडजोड झाली. तो सूर्य आता माजघरात दक्षिणेस उगवतो.

सर्व झाल्यावर लक्षात आले की संगणक चालू करण्याचे बटणच नाही; ते जुन्या पेटीबरोबर भंगारात गेले होते. येथे मात्र मिस्त्रींनी जी समयसूचकता दाखविली तिला तोड नाही. भाच्याने सांगितले होते की ते बटण म्हणजे दोन तारांना क्षणभर भेटवून लगेच दूर करणारी एक कळ, दुसरे काही नाही. "म्हणजे बेलचं बटण," मिस्त्री म्हणाले, आणि फळीवरून एक पांढरे बटण काढून त्यांनी ते सूर्याच्या शेजारी बसविले. त्यावर घंटीचे चित्र आहे. संगणक त्याने निर्दोष चालू होतो. परंतु घंटीचे चित्र दिसले की ते दाबून पाहावे ही प्रेरणा मनुष्यमात्रात किती खोल आहे याची मला कल्पना नव्हती. शेजारचा नातू, दुधाचे पैसे न्यावयास येणारी बाई आणि एकदा तर प्रत्यक्ष भाचा, यांनी ते दाबले, आणि माझी अर्धी लिहिलेली पत्रे अंतर्धान पावली.

सांगाडा घरी आणला तो दिवस शुक्रवार. रेड ऑक्साईडवर काळा रंग, पायांना रबरी बुटे. नुसत्या अँगलचेच वजन अडीच किलोच्या घरात. पत्रा आणि जाळी धरून ते कुठे गेले असेल ते माझ्या मनगटांना ठाऊक. सौभाग्यवतींनी कोनाडा पुसून ठेवला होता. मी सांगाडा दोन्ही हातांनी धरला, कोनाड्यात सरकविला, आणि तो तोंडाशीच थांबला. रुंदीला मोकळा होता. तळाला मोकळा होता. वरचे दोन कोपरे मात्र भिंतीला टेकले होते.

मी मोजपट्टी काढली. कोनाड्याची उंची अकरा इंच, टिपणात अकरा इंच, सांगाडा दहा. सगळे बरोबर होते, आणि सांगाडा आत जात नव्हता. मग सौभाग्यवती म्हणाल्या,

"अहो, वर महिरप आहे ना."

महिरप होती. माझ्या जन्माआधीपासून होती. साठ वर्षे मी तिच्याकडे पाहत आलो होतो, आणि माप घेताना उंची मी मध्यावर घेतली होती, जेथे ती अकरा इंच भरते; दोन्ही बाजूंना ती कमान उतरत उतरत साडेआठ इंचांवर येते. आजोबांचा कंदील मधोमध असे, रेडिओचे खांदे गोल होते, टेलिफोन मुळातच बुटका. म्हणून त्या कोनाड्याला आजवर कोपरे असलेली वस्तू कधी भेटलीच नव्हती. एखाद्या शिकाऊ भूकरमापकाने माझ्यापुढे असे टिपण आणले असते तर मी ते त्याच्या समोर फाडले असते.

संध्याकाळी मिस्त्री स्वतः आले. त्यांनी कोनाडा पाहिला, माझ्याकडे पाहिले नाही, हा त्यांचा मोठेपणा. मोजपट्टी त्यांनी खिशातून काढलीच नाही. साडीच्या खोक्याचे झाकण मागून घेतले, ते कोनाड्याच्या तोंडावर दाबून कडेने नख फिरविले, नखाच्या वळावरून कात्रीने कापले, आणि तो पुठ्ठ्याचा फर्मा घडी न पाडता छातीशी धरून ते निघून गेले. आठ दिवसांनी दुसरा सांगाडा आला; त्याचे दोन्ही खांदे उतरते, वर मधोमध डब्यापुरती जागा. लांबून पाहिले तर वडिलांचा रेडिओच परत आल्यासारखा वाटतो. तो आत गेला, आणि भिंतीला कोठेही लागला नाही.

पैशांचा प्रश्न मिस्त्रींनी असा सोडविला: "भोकांची चूक माझी, कमानीची तुमची. पहिल्याचं फक्त लोखंडाचं द्या." इतका स्वच्छ निवाडा मी दोन्ही पक्षांना मान्य होताना क्वचितच पाहिला आहे. पावतीवर त्यांच्या मुलाने 'पिंजरा, छोटा, नग २' असे लिहिले.

पहिला सांगाडा अंगणात तुळशीच्या कुंडीखाली आहे. तेथे तो अगदी चपखल बसला. त्या जागेचे माप कोणीच घेतलेले नव्हते.